डावं पान कोरं

नवा माणूस भेटला की आपल्याकडे लोक गाव विचारतात, पाहुणे कोण ते विचारतात. सर विचारायचे, "तुमच्या घरामागचं पाणी कुठं जातं?"

मलाही त्यांनी पहिल्या भेटीत हेच विचारलं. मी तेव्हा इंदापूर भागातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे हजेरीपटावर नाव पेन्सिलीनं. पुण्याहून नुकतीच एम.ए. होऊन आलेली, त्यामुळे नाक वर. एक दिवस स्टाफरूममध्ये एक उंच, वाळकुडा माणूस शिरला. काखेत छत्री, खांद्याला शबनम आणि नखं गुलाबी. हो, चांगली ठळक गुलाबी. मी नखांकडेच बघत बसले आणि हा प्रश्न आला.

"आमच्या भागातली जलप्रणाली वृक्षाकार आहे," मी म्हटलं.

"झाड राहू द्या, बाई. पाणी कुठं जातं?" सगळं कॉलेज मला मॅडम म्हणायचं, हे एकटे बाई म्हणाले.

"काटेवाडीची आहे मी. घरामागं ओढा आहे. जातो खाली."

"खाली म्हंजी कुठं?"

आता काय सांगणार? आठवी झाली तशी शिक्षणाच्या मागे लागलेली पोर मी. ओढ्यावर धुणं धुवायला गेलेय, शेळ्या पाजायला गेलेय, पण तो पुढं कुठं जातो हे बघायला कोण गेलंय! सरांनी कानावरची पेन्सिल काढली, शबनममधून एक काळी वही काढली, काहीतरी खरडलं आणि वही मिटली. मला इतका राग आला की चहा विचारायचंही राहून गेलं.

नखांचं गूढ पुढं उलगडलं. सर बारामतीच्या बाजूच्या एका कॉलेजात भूगोलाचे प्राध्यापक होते आणि रविवारी सकाळी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर पुस्तक छापायचे. टाइपरायटरची फीत काढून मेणकागदाच्या स्टेन्सिलवर एकेक पान टाइप करायचं, नकाशे खिळ्याच्या टोकानं कोरायचे, चुकलं तर गुलाबी औषध लावून छिद्रं बुजवायची. ते औषध सरांच्या नखांवर कायमचं बसलं होतं. शर्टाच्या बाह्यांना शाई. मुलं म्हणायची, सरांचे हात काळे आणि नखं नवरीची.

पुस्तक प्रथम वर्ष कलाच्या भूगोलाचं. आमच्याकडे तेव्हा सहामाही परीक्षा आधी आणि पुण्याचं छापील पुस्तक नंतर यायचं. आलं तरी त्यात नदी म्हटलं की कुठली तरी परदेशातली. बारामतीजवळच्या पिंपळीच्या पोरांना त्या नदीची वळणं पाठ आणि दारातल्या पाटाला पाणी कुठून येतं ते ठाऊक नाही. सरांच्या पुस्तकात नीरा होती, भीमा होती, उजनीच्या पाण्यात गेलेल्या जमिनी होत्या. सर मूळचे इंदापूर भागातल्या कळंबचे, वडील तिथल्या माळांवर मेंढरं घेऊन फिरलेले. कुठल्या माळाला कुठला दगड, कुठल्या बाजूला उतार, हे सरांना पुस्तक उघडायच्या आधीपासून पाठ होतं.

आणि पुस्तकावर नाव कुणाचंच नाही. लेखक नाही, प्रकाशक नाही. पहिल्या पानावर फक्त एवढंच: 'हे पुस्तक कुणीही छापावं, कुणीही बदलावं, कुणीही शिकवावं.' कागद पातळ, शाई पलीकडं उतरायची, म्हणून छपाई एकाच बाजूला. डावं पान कोरं. दुसऱ्या कुणी त्यात कागदाची नासाडी बघितली असती. सर म्हणायचे, "उजवं पान माझं, डावं वाचणाऱ्याचं." मुलं तिथं लिहायची. पिंपळीच्या एका मुलीनं पाटाच्या पाण्याच्या वेळापत्रकासमोर लिहिलं होतं, 'हे झालं कागदावरचं. खरं पाणी कधी येतं ते मला विचारा.' सरांनी पुढच्या वर्षी ते वाक्य जसंच्या तसं उजव्या पानावर घेतलं आणि मागच्या यादीत तिचं नाव घातलं. पुस्तकाच्या शेवटी अशी सगळी नावं असायची, दुरुस्त्या सुचवणाऱ्यांची.

एकदा ते आमच्या प्राचार्यांना हे पुस्तक लावा म्हणून सांगायला आले. प्राचार्य म्हणाले, "त्यात एवढं विशेष काय?" सरांनी टेबलाच्या उत्तरेकडच्या दोन पायांखाली एकेक खडू सारला आणि आपल्या कपातला निम्मा चहा काचेवर ओतला. "बगा सायेब. ही बारामती, ही काटेवाडी. ह्या अंगाचं सगळं पाणी असं दक्षिणंला जातं आन नीरेला मिळतं." चहा नीरेला मिळाला आणि तिथून प्राचार्यांच्या मांडीवर. पुस्तक लागलं नाही, पण मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर पळाले. तेव्हा नीट बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

सरांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. निवृत्त झाले की मशीन गेलं, मशीन गेलं की पुस्तक गेलं. दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजातल्या कुणीतरी ते हातात घ्यायला हवं होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी छत्री आणि शबनम घेऊन हा माणूस एसटीनं कॉलेजं हिंडायचा. आमच्या भागात पाऊस वर्षातून चार वेळा पडायचा, छत्री मात्र बारा महिने.

दरवर्षी जूनमध्ये परिसरातल्या भूगोलवाल्यांची बैठक व्हायची. तिथं सर उठले की लोक घड्याळं बघायचे. आमच्यात एक सफारी घालणारे विभागप्रमुख होते, त्यांना आम्ही सफारीसरच म्हणायचो. ते म्हणाले, "लेखकाचं नाव नाही, प्रकाशकाचं नाही. उद्या चूक निघाली तर धरायचं कुणाला?"

"पुस्तक म्हंजी काय सातबारा हाय, नाव लावून घ्यायला?" सर म्हणाले. "आन धरायचं कशाला? दुरुस्त करायचं."

तरी प्रतीला कुणी हात लावला नाही. मग सरांनी खरा डाव टाकला. "बरं, शिकवू नका. लावूबी नका. माझं येवढंच काम करा, चुका काढा. एका चुकीला एक डाळिंब."

काय सांगू, प्राध्यापकाला 'हे पुस्तक शिकवा' म्हटलं तर त्याच्या कपाळाला आठी पडते, पण 'दुसऱ्याच्या पुस्तकातल्या चुका काढा' म्हटलं की जेवण विसरतो. जे लोक प्रत हातात धरायला तयार नव्हते ते ती घरी घेऊन गेले. सफारीसरांनी सत्तावीस चुका काढल्या आणि पुढच्या बैठकीत खणखणीत आवाजात वाचून दाखवल्या. सरांनी सत्तावीस डाळिंबं मोजून पोत्यात भरून दिली. माझ्या अकरा निघाल्या. अकरा डाळिंबं घेऊन मी एसटीत उभी होते तेव्हा माझ्याएवढी शहाणी बाई तालुक्यात नव्हती. चुका शोधता शोधता ते पुस्तक मला पाठ झालं आणि मी ते वर्गात शिकवायला लागले. कधी लागले, ते माझं मलाही कळलं नाही.

दरवर्षी जुन्या चुका जायच्या आणि नव्या यायच्या. मुलांत कुजबुज होती की सर मुद्दाम ठेवतात. मी एकदा सरळ विचारलं. सर म्हणाले, "चूक करायला काय मुद्दाम बसावं लागतं व्हय?" आणि छत्री उघडून निघून गेले.

आता माझं सांगते. सांगायला जड जातंय, पण सांगते.

पुण्याच्या एका प्रकाशकाचा माणूस पुस्तकं खपवायला आमच्या कॉलेजात यायचा. त्यानं माझ्या टेबलावर सरांची प्रत बघितली, चाळली, आणि म्हणाला, "मॅडम, माल चांगला आहे. नाव कुणाचंच नाही? मग तुमचं घालू या की." मला दोन महिन्यांवर कायम नेमणुकीची मुलाखत होती. नावावर एक पुस्तक असणं म्हणजे निम्मी मुलाखत झाल्यासारखीच. सलग तिसरं वर्ष होतं माझं पेन्सिलीतलं.

एवढी लाज होती की आधी सरांना विचारायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमाला गरज हाय का नावाची?"

"आहे, सर."

"मग लावा. छापून लांबवर जाईल, बरंच हाय. माझ्या दोनच गोष्टी. डावं पान कोरं ठिवा. आन मागची नावं ठिवा."

मी हो म्हटलं. प्रकाशकाचा माणूस पोट धरून हसला. "मॅडम, कोरी पानं विकायला आमचा काय वह्यांचा कारखाना आहे? आणि ही मागची नावं? लग्नात आहेर वाचून दाखवायचाय का?" मी त्याच्याशी भांडायला हवं होतं. मी सही केली. पुस्तक आलं, गुळगुळीत कव्हर, दोन्ही बाजूंनी छापलेलं, वर माझं एकटीचं नाव. मुलाखतीत साहेबांनी ते हातात घेऊन वजन बघितलं आणि मी कायम झाले.

सर काही बोलले नाहीत. बोलायला मी समोर गेलेच नाही. त्या वर्षी बैठकीला तापाचं निमित्त काढलं. त्यांच्या निरोपसमारंभालाही गेले नाही.

आमचे तात्या मात्र आभाळाला टेकले होते. माझे वडील चौथी शिकलेले, जन्म उसात आणि गोठ्यात गेलेला. त्यांनी माझं पुस्तक देवळीत ठेवून हळदकुंकू वाहिलं. सकाळी डेअरीवर दूध घालायला जाताना एका हातात किटली, दुसऱ्या हातात पुस्तक. रांगेतल्या माणसांना म्हणायचे, "वाचा. लेकीनं लिवलंय." दूध घालायला आलेला माणूस काय वाचणार? पण सगळे हात धोतराला पुसून पानं उलटायचे.

एका दुपारी मी घरी आले तर तात्या ओट्यावर चष्मा लावून बसलेले. बोट एका ओळीवर.

"अगं, आपला वढा हितं उलटा कसा वाहतोय?"

मी पुस्तक घेतलं. शेवटचं प्रकरण, 'आपला परिसर'. 'काटेवाडीजवळचा ओढा उत्तरेकडे वाहत जाऊन भीमेला मिळतो.'

"माजा जल्म गेला त्या वढ्यात," तात्या म्हणाले. "नीरेला जातोय त्यो. आता पुस्तकात आलंय म्हंजी वळवायचा का काय?"

सगळं पुस्तक मी बारीक वाचलं होतं, अकरा चुका काढल्या होत्या, पण हे प्रकरण वाचलंच नव्हतं. घरचं तर आहे, त्यात काय वाचायचं, म्हणून.

"छापणाऱ्यानं चुकवलं, तात्या," मी म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला. तेच सहन होईना.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कळंब गाठलं. निवृत्तीनंतर सर तिथल्या आपल्या मळ्यातच राहायचे. डाळिंबाला आळं करत होते. नखं आता पांढरी झाली होती. मला बघून त्यांनी खोरं ठेवलं, घरात नेलं, पाणी दिलं. कोपऱ्यात लोखंडी ट्रंक. तिच्यात स्टेन्सिली एकावर एक, मध्ये वर्तमानपत्राचे कागद.

"मशीन ऱ्हायलं तितं, ह्या आल्या हिकडं," सर म्हणाले. "उन्हाळ्यात वाळून तडकत्यात. सारखं बघाय लागतं."

"कुणी मागितल्या नाहीत?"

"कोण मागंल? नाव न्हाई त्यावर."

मी ओढ्याचं सांगितलं. तात्यांनी ओळीवर बोट कसं ठेवलं तेही सांगितलं. सर उठले, ती काळी वही काढली. आत नावांची यादी. प्रत्येकासमोर एक चूक. सफारीसरांसमोर खडकाचं नाव. आमच्या शेजारच्या कॉलेजातल्या एका सरांसमोर त्यांच्याच गावचा बंधारा. बऱ्याच ओळींवर काट मारलेली. खालच्या अंगाला होतं, 'काटेवाडीच्या बाई, घरामागचा ओढा. सोपी.' त्यावर काट नव्हती.

"मी वाट बगत हुतो," सर म्हणाले. "म्हटलं, बाई येतील भांडायला. माझा वढा उलटा का, म्हणून. आलाच न्हाई तुमी. थेट छापूनच आणला."

मला रडू आलं, अगदी ओक्साबोक्शी. सरांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मग यादीतल्या माझ्या ओळीवर काट मारली, बाहेर गेले आणि एक डाळिंब तोडून आणलं.

"हे बाराव्या चुकीचं. तात्यास्नी द्या. तुमाला न्हाई, चूक त्येंनी काढली."

घरी आले, डाळिंब तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं.

"कुणी दिलं?"

"सरांनी. तुम्ही चूक काढली म्हणून."

"पुस्तक तुजं. मग डाळिंब त्येंचं कसं?"

आता सुटका नव्हती. मी सगळं सांगितलं. नाव, मुलाखत, कोरं पान, मागची नावं. तात्यांनी डाळिंब खाली ठेवलं. म्हणाले, "आन मी डेअरीवर दाखवत हिंडलो व्हय."

त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी डाळिंब फोडलं, निम्मं माझ्यापुढं सरकवलं.

"सातबाऱ्यावर चुकून आपलं नाव लागलं तर मानूस काय करतो?"

"तलाठ्याकडं जातो."

"मग तू बी फेरफार करून घे की. दुसऱ्याच्या रानावर आपलं नाव, असलं आपल्यात कवा झालं न्हाई."

त्या जूनच्या बैठकीला मी सरांना कळंबहून ट्रंकेसकट घेऊन गेले. ते मागच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसले. मी उभी राहिले. सांगितलं की ह्या पुस्तकावर माझं नाव आहे, पण ते माझं नाही. ज्यांचं आहे त्यांची नावं मी खोडू दिली. प्रकाशकाला कळवलंय, माझ्या नावावर पुन्हा छापू नका. कॉलेजलाही लिहून दिलंय. आणि ओढ्याचं, वहीचं, तात्यांचं, सगळं सांगितलं.

आता छी थू होणार, मी मनात म्हटलं. सफारीसर उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळंच होतं.

"म्हणजे सरांनी प्रत्येकासाठी चूक ठेवली होती?"

"हो."

"माझ्यासाठीही? पण मी तर सत्तावीस काढल्या!"

मागच्या बाकावरून सरांचा आवाज आला. "तुमची अठ्ठाविसावी हाय अजून."

झालं! जो तो उठला. माझ्यासाठी कुठली, मला प्रत द्या, आमच्या गावचं काय लिहिलंय? माझं पाप कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. प्रती होत्या चार आणि माणसं वीस. प्रती संपल्या तेव्हा सफारीसरच म्हणाले, आमच्या कॉलेजात मशीन आहे, एक प्रकरण आम्ही छापतो. मग दुसरं कॉलेज म्हणालं, नकाशे आम्ही करतो. संध्याकाळपर्यंत ट्रंकेतल्या स्टेन्सिली सात कॉलेजांत वाटल्या गेल्या. वर्षानुवर्षं जो माणूस पुस्तक घ्या, पुस्तक घ्या म्हणत हिंडला, त्याचं पुस्तक लोक आता भांडून नेत होते. 'आपला परिसर' मी घेतलं. त्या प्रकरणाच्या शेवटी आता तात्यांचं नाव आहे, शेतकरी, काटेवाडी. तात्यांनी ते डेअरीवर दाखवलं. माझी नोकरी गेली नाही, फक्त पुढची सगळी वर्षं मी 'ओढ्याच्या बाई' म्हणून राहिले, आणि त्यात गैर काही नव्हतं.

बैठकीनंतर मी सरांना स्टँडवर सोडायला गेले. एक गोष्ट मनातून जात नव्हती. वहीतली ती ओळ पेन्सिलीतली होती आणि मला ती जरा ताजीच वाटली होती. ओढ्याची चूक खरीच चूक असेल आणि माझी लाज झाकायला त्यांनी ती यादी मागून लिहिली असेल तर? सफारीसरांची अठ्ठाविसावी तरी खरी होती का?

"सर, खरं सांगा. चुका मुद्दाम ठेवायचा का वहीत नंतर लिहिलंत?"

एसटी लागली होती. सरांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमच्या घरामागचं पाणी कुठं जातं?"

"नीरेला," मी म्हटलं.

"मग झालं की," म्हणाले आणि छत्री सावरत आत जाऊन बसले.